ड्रॉप पंट: लंबगोल चेंडू सरळ मारायला शिकवताना

बेळगावातल्या पोरांच्या पायात फुटबॉल आधीच मुरलेला असतो, आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकवताना नेमका तोच आडवा येतो. पाय बाजूने फिरवून मारायची सवय. लंबगोल चेंडूला पाय सरळ समोर गेलेलाच चालतो.

पूर्वी ड्रॉप किक चालायची: चेंडू जमिनीवर टेकून उसळतोय तोच पाय मारायचा. चिखलात ती फसते. ड्रॉप पंट म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत मारायचा फटका, म्हणून आपल्या जुलैच्या पावसातही ती जमते. ती रुजवण्याचं श्रेय बहुतेकदा मेलबर्नच्या रिचमंड क्लबचा खेळाडू जॅक डायर याला देतात. १९३१ ते १९४९ खेळला, ३१२ सामने. १९४१ ते १९५२ प्रशिक्षक. १९४३ चं विजेतेपद त्याने मैदानात उतरून, कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही राहून मिळवलं. वस्ताद हौद्यात उतरतो तसं. तुम्हीही फटका स्वतः मारून दाखवा.

जागा बघून घ्या. भातकापणीनंतरच्या शेतात धसकटं पायात घुसतात, खानापूरकडच्या जांभ्या माळावर चेंडूचं कातडं सोलतं. शाळेचं मातीचं मैदान बरं. हवा ९ ते ११ पौंड. दगडासारखा फुगवला तर नवशिक्याच्या पायावरून तो उडतो.

चेंडू उभा धरा, वादी समोर, वरचं टोक किंचित आपल्याकडे. बोटं दोन्ही बाजूंना पसरलेली. उजव्या पायाने मारणाऱ्याने उजव्या मांडीसमोर, कमरेच्या उंचीवर धरायचा आणि उजव्या हातानेच खाली न्यायचा. वर उडवायचा नाही, सोडायचा. सगळी गोम इथेच आहे. पायाची बोटं ताणून, घोटा घट्ट ठेवून पावलाच्या वरच्या हाडाने खालच्या टोकाला मारा. चेंडू मागे गिरक्या घेत गेला की जमलं.

पहिले दोन दिवस पाच-सहा मीटरच, चालत. मग दहा. पंधरा मीटर गेल्याशिवाय झेलाला ‘मार्क’ (झेलणाऱ्याला बिनअडथळा फटका मारायची मुभा) मिळत नाही, म्हणून पुढचं लक्ष्य तेच.

चेंडू कडेला वाकडा गेला? सोडतानाच तिरका झालाय, पायाला दोष देऊ नका. उंच जाऊन जवळच पडला? अंग मागे झुकलंय, किंवा चेंडू गुडघ्याच्या वरच गाठलाय. फडफडत गेला तर घोटा सैल. पाय आडवा फिरतच असेल तर मैदानावर फक्कीची सरळ रेघ ओढा आणि फटक्यानंतर त्याच रेघेवर दोन पावलं पुढे चालायला लावा.