रोडिओ क्वीन स्पर्धेची तयारी करताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत किंवा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रोडिओ, म्हणजे गुराखी कौशल्यांच्या खेळांचा मेळा, पाहायला गेलेल्या माणसाला मैदानात भरधाव घोडा फेकत येणारी, टोपीवर मुकुट आणि हातात झेंडा असलेली तरुणी हटकून दिसते. ती त्या रोडिओची ‘क्वीन’ म्हणजे राणी, त्याची वर्षभराची प्रतिनिधी असते. झेंडा घेऊन सलामीची फेरी मारणे, शाळांत आणि रेडिओवर जाऊन खेळाची माहिती देणे, प्रायोजकांची ऊठबस करणे आणि पहिल्यांदाच आलेल्या प्रेक्षकाला समोर काय चालले आहे ते समजावून सांगणे, ही तिची कामे. गावच्या रोडिओपासून ही उतरंड सुरू होते आणि राज्याचा किताब मिळवलेल्या मुली डिसेंबरात लास व्हेगसमध्ये ‘मिस रोडिओ अमेरिका’ स्पर्धेसाठी एकत्र येतात. व्यावसायिक रोडिओची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा, म्हणजे नॅशनल फायनल्स रोडिओही, त्याच सुमारास त्याच शहरात भरतो. तेथे घोडेस्वारी, व्यक्तिमत्त्व आणि दिसणे-वावरणे अशा तिन्ही अंगांनी पारख होते.

उमेदवार मुली, त्यांचे पालक आणि आयोजक समित्या यांच्याकडून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. तयारी सगळी मुकुट चढवण्याच्या संध्याकाळची होते आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांच्या कामाचा विचार कोणी केलेला नसतो.

आपल्याच घोड्यावर विसंबणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मुलगी लहानपणापासून एकाच घोड्यावर बसलेली असते, तिच्या टाचेच्या हलक्या इशाऱ्यावर तो वळतो आणि त्यामुळे आपण उत्तम स्वार आहोत अशी घरच्यांची खात्री असते. मोठ्या स्पर्धांत मात्र चिठ्ठी टाकून अनोळखी घोडा दिला जातो आणि त्याच्यावर ठरवून दिलेला आराखडा करून दाखवावा लागतो : लहान-मोठी वर्तुळे, धावतानाच घोड्याला पुढे पडणारा (आघाडीचा) पाय बदलायला लावणे, वेगात येऊन एकदम थांबणे, जागच्या जागी गिरकी घेणे, सरळ रेषेत मागे सरकणे. घोडा ऐकत नाही असे वाटले की घाबरलेली स्वार लगाम ओढते, ओढल्याने घोडा तोंड वर करतो आणि पुढचा सगळा आराखडा बिघडतो.

यावर उपाय एकच आहे. निवडीच्या आधीचे काही महिने वेगवेगळ्या पागांतल्या घोड्यांवर बसावे, त्यांत एखादा आळशी आणि एखादा तापट घोडा मुद्दाम निवडावा. अनोळखी घोडा हाती आला की तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, आपल्या हाताने तपासावा आणि रिकिबीची लांबी आपल्या पायाप्रमाणे करून घ्यावी. नंतर दोन-चार पावले चालवून, थांबवून आणि मागे घेऊन त्याचे तोंड किती हलके आहे, म्हणजे तो लगामाला किती सहज दाद देतो, याचा अंदाज घ्यावा. परीक्षक ही तपासणीही पाहत असतात आणि घाईने खोगिरावर उडी मारणाऱ्या मुलीपेक्षा सावकाश तंग आवळणारी मुलगी त्यांना अधिक जाणकार वाटली तर नवल नाही.

अनोळखी घोड्याचा हा प्रश्न स्पर्धेबरोबर संपत नाही. दूरच्या रोडिओला जाताना आपला घोडा नेणे बहुतेकदा परवडत नाही, म्हणून तेथे कोणी उसना दिलेल्या घोड्यावरच सलामीची फेरी मारावी लागते. एका हातात लगाम, दुसरा हात प्रेक्षकांकडे, कानावर ध्वनिवर्धकाचा कर्कश आवाज आणि कडेला फडफडणारे प्रायोजकांचे फलक, अशा गडबडीत घोडा उधळला तर सरळ मागे ओढत बसू नये. त्याला वर्तुळात वळवून ते वर्तुळ लहान करत न्यावे, म्हणजे वेग आपोआप उतरतो. झेंड्याची काठी रिकिबीजवळच्या खोबणीत नीट बसली आहे याची खात्री फाटकाबाहेरच करून घ्यावी. झेंड्याचे कापड डोळ्यांसमोर फडफडले की बिचकणारे घोडे पुष्कळ असतात, त्यामुळे तो एकदा आधी दाखवून घेतलेला बरा. ओरेगन राज्यातील पेंडलटन राऊंड-अपमध्ये तर राणी आणि तिच्या सहकारी मुली कुंपणावरून घोडा उडवून हिरवळीवर उतरतात. तेथे केवळ हसण्याच्या सरावावर निभाव लागणे अशक्य आहे.

टोपी उडणे

हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण तक्रार कायमची आहे. मुकुट टोपीलाच बसवलेला असल्याने टोपी जड होते, वाऱ्यात मागे ओढली जाते आणि भर मैदानात मुकुटासकट मातीत पडते. टोपी डोक्याच्या मापानेच घ्यावी, वाफ देऊन तिचा आकार डोक्याला जुळवून घ्यावा आणि आतल्या घामपट्टीमागे फोमची पातळ पट्टी भरून सैलपणा काढावा. केसांत घट्ट पकडणाऱ्या पिना मुकुटाच्या वजनाचा विचार करून लावाव्यात. सराव साध्या टोपीने करायचा आणि मुकुट फक्त कार्यक्रमाच्या दिवशी चढवायचा, ही खरी चूक. मुकुटासहित पूर्ण वेगाची फेरी आधी मारून पाहावी. उन्हाळ्यात गवती आणि थंडीत फेल्टची टोपी, हा पश्चिमेतला संकेतही जाणकारांच्या नजरेतून सुटत नाही.

नियम पाठ, खेळ अनोळखी

लेखी परीक्षेसाठी नियमावली घोकलेली असते, परंतु मुलाखतीत किंवा मैदानाबाहेर कोणी साधा प्रश्न विचारला की उत्तर अडखळते. बैलावर किती वेळ टिकायचे, याचे उत्तर आठ सेकंद. पण पुढचा प्रश्न येतोच : आठ सेकंद टिकूनही दोघांचे गुण वेगळे का? येथे हे सांगता आले पाहिजे की शंभरपैकी निम्मे गुण जनावराच्या उसळीला आणि निम्मे स्वाराच्या कामगिरीला असतात, त्यामुळे संथ बैल वाट्याला आला तर चांगल्या स्वाराचेही नुकसान होते. त्याचप्रमाणे वासराला दोर टाकून बांधण्याच्या प्रकारात स्वार वेळेआधी सुटला तर दहा सेकंदांचा दंड का, बांधलेले वासरू सहा सेकंद बांधलेलेच का राहावे लागते आणि पिंपांभोवतीच्या शर्यतीत पिंप पडले की पाच सेकंद कसे वाढतात, हे एका-एका वाक्यात समजावता यायला हवे. नियमाचा क्रमांक कोणी विचारत नाही, त्यामागचे कारण सगळे विचारतात. सराव करायचा असेल तर रोडिओ कधीही न पाहिलेल्या शेजाऱ्याला प्रत्येक प्रकार समजावून पाहावा आणि त्याचा चेहरा कोठे कोरा होतो ते लक्षात घ्यावे.

सगळ्यांत अवघड प्रश्न जनावरांच्या वागणुकीचा. उसळणाऱ्या घोड्याच्या आणि बैलाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याबद्दल तो हमखास विचारला जातो आणि येथे दोन प्रकारची चूक होते. काही मुली ‘तसे काहीच नाही’ म्हणून झटकून टाकतात आणि काही विचारणाऱ्यावरच तुटून पडतात. दोन्ही उत्तरांनी खेळाचे नुकसान होते. पट्टा जननेंद्रियांवर बांधला जात नाही, व्यावसायिक रोडिओत घोड्याच्या पट्ट्याला मेंढीच्या कातड्याचे अस्तर असते, स्वाराच्या टाचेवरच्या काटेरी चक्रांची टोके बोथट असावी लागतात आणि पशुवैद्य हजर असणे बंधनकारक असते, हे शांतपणे सांगावे. तरीही जनावरांना दुखापती होतात हे मान्य करावे, कारण प्रेक्षकाने ते डोळ्यांनी पाहिलेले असते. बैलगाडा शर्यतीवरची २०१४ ची बंदी, २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि २०२३ मधला घटनापीठाचा निकाल असा प्रवास पाहिलेल्या मराठी वाचकाला या वादाची धार वेगळी सांगायला नको.

‘ही तर नुसती शोभेची बाहुली’ या टोमण्याला उत्तर नसणे

या टोमण्याला रागाने उत्तर देण्यापेक्षा इतिहास माहीत असणे उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्रिया उसळत्या घोड्यांवर स्पर्धेत उतरत होत्या. १९२९ साली पेंडलटन येथे बॉनी मॅककॅरोल यांच्या अंगावर घोडा कोसळला. त्यांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधलेल्या होत्या. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर पेंडलटनने स्त्रियांचा हा प्रकार बंद केला. इतरत्रही स्त्रियांच्या स्पर्धा आकसत गेल्या. पुढे टेक्सासमधील स्टॅमफर्ड येथे १९३१ पासून गावोगावच्या व्यापारी मंडळांनी पाठवलेल्या ‘स्पॉन्सर गर्ल्स’ आल्या, ज्यांची पारख पोशाख, घोडा आणि स्वारी यांवर होई. त्याच वर्षी वायोमिंगमधील शायेन येथे ‘मिस फ्रंटियर’ हा किताब सुरू झाला. म्हणजे स्पर्धक स्त्री मागे सरकत असतानाच राणी पुढे आली, हे कबूल करावे लागते आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. १९४८ मध्ये टेक्सासच्या सॅन अँजेलो येथे ३८ स्त्रियांनी ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ स्थापन केली, जी आज ‘विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. पिंपांभोवतीची शर्यत तिच्यामुळे खऱ्या अर्थाने स्पर्धात्मक खेळ बनली, आणि २०२० पासून स्त्रियांच्या दोर टाकण्याच्या प्रकाराचीही राष्ट्रीय अंतिम फेरी होते. राणीने आपल्या भाषणात या स्पर्धक स्त्रियांची नावे आणि त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा सांगितल्या, तर टोमणा मारणाऱ्याला वेगळे उत्तर द्यावेच लागत नाही. दुर्दैवाने बहुतेक भाषणांत स्वप्ने, आई-वडिलांचे आभार आणि आवडता रंग यांपलीकडे काही नसते.

आयोजकांच्या चुका

काही ठिकाणी अजूनही सर्वाधिक तिकिटे खपवणाऱ्या मुलीला झुकते माप मिळते. निधी जमतो हे खरे, पण जिचे नातेवाईक जास्त तिचा मुकुट, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढे वर्षभर घोड्यावर धड बसता न येणारी प्रतिनिधी मिरवावी लागते. तिकीटविक्रीसाठी वेगळे बक्षीस ठेवावे आणि मुख्य गुणांपासून ते लांब ठेवावे.

दुसरी चूक समाजमाध्यमांवरची. राणीचे शंभर फोटो टाकले जातात आणि एकाखालीही रोडिओची तारीख, वेळ, मैदान किंवा तिकीट कोठे मिळेल ते लिहिलेले नसते. तिला मायक्रोफोन न देता केवळ फेऱ्या मारायला लावणे हीही तशीच उधळपट्टी. जनावरे आत घेण्याच्या मोकळ्या वेळेत तिने दोन मिनिटे पुढचा प्रकार समजावून सांगितला, तर प्रेक्षक जागेवरून उठत नाहीत. स्तनकर्करोगाविरुद्ध २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘टफ इनफ टू वेअर पिंक’ या मोहिमेसारख्या कार्यक्रमांत राण्यांचा चांगला उपयोग झाला, कारण त्यांना नेमके सांगण्यासारखे काही दिलेले होते.

अर्ज आणि निकाल

‘मिस रोडिओ अमेरिका’ आणि ‘मिस रोडिओ यूएसए’ या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत आणि दोन्हींचे मार्ग व नियम वेगळे आहेत. वयाची मर्यादा, अविवाहित असण्याची अट आणि वर्षभराच्या प्रवासखर्चापैकी समिती किती उचलणार, या तीन गोष्टी अर्ज भरण्याआधी लेखी विचाराव्यात. पोशाखावर हजारो डॉलर खर्च करून नंतर पेट्रोलसाठी पैसे उरले नाहीत असे होऊ नये. कॅलगरी किंवा ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातील मुलीने घोडेस्वारी मनापासून शिकली असेल आणि तिला अर्ज भरावासा वाटला, तर पालकांनी पहिली चौकशी याच तीन गोष्टींची करावी.

किताब हुकला तर परीक्षकांच्या गुणपत्रिका मागून घ्याव्यात. जेथे त्या मिळतात तेथे घोडेस्वारी, मुलाखत आणि लेखी परीक्षा यांचे गुण वेगवेगळे पाहता येतात. सगळ्याच परीक्षकांनी एकाच रकान्यात कमी गुण दिले असतील तर पुढच्या हंगामापर्यंतचा वेळ त्या एका रकान्यावर घालवावा. गुण विखुरलेले असतील, तर पोशाख बदलण्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या रोडिओच्या निवडीत उतरून निराळ्या परीक्षकांपुढे तीच तयारी तपासून पाहावी.