डिस्क कधी दिसते, कधी गायब: हात घालण्याआधीची तयारी

मशीन सुरू होताना बायोसला, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरला (बोर्डातच भरलेल्या प्रोग्रामला), डिस्क कधी सापडते, कधी सापडत नाही, त्या दुखण्याची ही गोष्ट. डिस्क आत्ता दिसतेय? मग मशीन बंद करू नका. पुढच्या वेळी ती दिसेलच असं नाही, म्हणून बॅकअप आत्ताच घ्या. तो वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. मी एकदा 'आधी बायोस अपडेट करू, बॅकअप काय, घेऊ नंतर' असा शहाणपणा केला होता. त्यानंतर डिस्कचं दर्शन व्हायला तीन दिवस लागले.

बॅकअप झाला की एक कागद घ्या आणि मोजा. मशीन पूर्ण बंद करून, थोडा वेळ थांबून, दहा वेळा सुरू करा. डिस्क किती वेळा दिसली ते लिहा. मग नुसतं रीस्टार्ट करून दहा वेळा. हे कंटाळवाणं आहे, पण निम्मं निदान इथेच होतं. बंद मशीन सुरू केल्यावर डिस्क गायब आणि रीस्टार्टनंतर हजर, असं होत असेल तर बहुधा फर्मवेअर घाई करतंय. हार्ड डिस्कच्या तबकड्यांना वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढंही ते थांबत नाही. रीस्टार्टच्या वेळी तबकड्या फिरतच असतात.

दोन्हीकडे सारखाच गोंधळ असेल तर फर्मवेअरला शिव्या घालण्याआधी सुटी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडते ती) आणून ठेवा, पोर्ट बदलून बघा. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांत १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी चुकांचा (वाटेत डेटा बिघडल्याचा), आकडा वाढत असेल तर संशय केबलवरच घ्यावा. मदरबोर्डचं मॅन्युअलही चाळा. काही बोर्डांवर एम.२ खाचेत (बोर्डावरच बसणाऱ्या छोट्या एसएसडीच्या जागी) डिस्क बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, आणि तो दोष नसून रचनाच तशी असते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल तर बदलून टाका. ती संपली की बायोसची सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात, डिस्कशी बोलणारा कंट्रोलर एएचसीआय या पद्धतीवरून रेड (RAID) या दुसऱ्या पद्धतीवर जाऊ शकतो आणि कालपर्यंत चालणारी सिस्टिम आज उठत नाही.

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मग फास्ट बूट बंद करा आणि सुरुवातीला थांबण्याची वेळ वाढवायची सोय असेल तर वाढवा. कित्येकांचं काम इथेच भागतं.

नाही भागलं तर फर्मवेअरला वाटेतून बाजूला काढायचं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बायोसच्या यादीवर विसंबत नाही, तो कंट्रोलरला स्वतः विचारतो. अडतं ते बूटलोडरपाशी, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या प्रोग्रामपाशी, कारण तो सहसा फर्मवेअरच्याच डोळ्यांनी बघतो. म्हणून एक चांगला पेनड्राइव्ह घ्या. बूटलोडर, कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम), म्हणजे सगळं बूट विभाजन, त्यावर ठेवा. बाकीची सिस्टिम डिस्कवरच राहू द्या. कर्नलला 'रूटडिले' (सिस्टिमच्या डिस्कसाठी थांबण्याची वेळ) दहा सेकंदांचा द्या. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत) एसडीए, एसडीबी अशी डिस्कची नावं असतील तर ती काढून यूयूआयडी (विभाजनाचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, कारण डिस्क उशिरा आली की ही नावं अदलाबदल होऊ शकतात. नुसत्या डेटाच्या डिस्कला त्याच यादीत 'नोफेल' हा पर्याय जोडा, म्हणजे तिच्यापायी अख्खं बूट अडणार नाही. पेनड्राइव्हची दुसरी प्रत हवीच. आणि कर्नल अपडेट करताना पेनड्राइव्ह लावलेला, माउंट झालेला (सिस्टिमला जोडलेला) असायला हवा. नाहीतर नवा कर्नल भलतीकडेच जाऊन पडतो आणि मशीन जुन्यावरच उठत राहतं.

विंडोजला ही युक्ती लागू पडत नाही. त्याचा लोडरही फर्मवेअरमार्फतच वाचतो. तिथे सिस्टिम हमखास दिसणाऱ्या डिस्कवर हलवा आणि रुसणारी डिस्क फक्त डेटासाठी ठेवा.

फर्मवेअर अपडेट मी शेवटी ठेवतो, एक अपवाद सोडून. डिस्कचं फर्मवेअर आणि मदरबोर्डचं फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोट डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असेल तर उशीर महागात पडू शकतो. २०१९ साली एचपीई (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) या कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: ३२,७६८ तास चालल्यावर त्या निकामी होतात आणि डेटाही परत मिळत नाही.  अपडेट त्याआधी केलं तरच उपयोग होता. तेव्हा स्मार्टमधले चालू तास कागदावर टिपा आणि तुमच्या मॉडेलबद्दल उत्पादकाची सूचना आहे का ते बघा.

मदरबोर्डच्या अपडेटसाठी बोर्डाची नेमकी आवृत्ती, यूपीएस आणि आधीच्या बायोसची फाइल तयार ठेवा. काही बोर्ड मागे जाऊ देत नाहीत, तेही आधीच वाचून घ्या. अपडेटनंतर सेटिंग बहुधा मूळ पदावर जातात. पहिल्यांदा सिस्टिम सुरू करण्याआधी ती फोटोंशी ताडून घ्या, मग तोच कागद काढा आणि पुन्हा दहा वेळा मोजा. तोवर पेनड्राइव्ह काढू नका.