दक्षिणेकडील राज्यांच्या फुटीवर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकन यादवी युद्धावरील उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एक वाक्य हमखास भेटते : 'लिंकन निवडून येताच अकरा राज्ये संघराज्यातून फुटली.' वस्तुतः साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडले आणि १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत, म्हणजे लिंकन यांच्या शपथविधीच्या महिनाभर आधीच, मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना व टेक्सास त्याच्या मागोमाग गेले. उरलेली चार राज्ये मात्र रेंगाळत होती. व्हर्जिनियाच्या परिषदेने ४ एप्रिलला फुटीचा ठराव फेटाळला. पण साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या संघराज्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागितले आणि त्याच परिषदेने १७ एप्रिलला तोच निर्णय फिरवला. आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना व टेनेसी त्यानंतर गेली. तारखा गाळून कारणे लिहू पाहणाऱ्या उतावळ्यांना हा फरक कधीच दिसत नाही.

दुसरी चूक माझ्याही हातून घडली आहे. एका वार्षिकांकाचे संपादन करताना 'फुटीचे खरे कारण जकात' (म्हणजे आयात मालावरील कर) असे सांगणारा लेख मी घाईत छापला. आठवडाभरात एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले : 'जकातवाढीच्या कायद्यावर सही २ मार्च १८६१ ची. तोवर सात राज्ये गेली होती, ती कशासाठी?' तेव्हापासून मी आधी त्या राज्यांची स्वतःची निवेदने वाचतो आणि गाइडे नंतर, तीही नाइलाजाने. मिसिसिपीचे निवेदन आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णतः निगडित असल्याचे सुरुवातीलाच सांगते. 'राज्यांचे हक्क' हे उत्तरही पाठांतराचेच आहे, कारण उत्तरेकडील राज्ये आपले कायदे पुढे करून पळालेले गुलाम परत करीत नाहीत, हीच साउथ कॅरोलायनाची तक्रार होती, म्हणजे दुसऱ्या राज्यांचे हक्क त्यालाच खटकत होते. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, एवढे आठवले तरी मराठी विद्यार्थ्याने जकातीकडे वळू नये.

गुलामगिरी असलेले प्रत्येक राज्य फुटले नाही : डेलावेअर, मेरिलँड, मिसूरी व केंटकी संघराज्यातच राहिली, आणि लिंकन व फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस या दोघांचाही जन्म केंटकीतला. वेस्ट व्हर्जिनिया फुटीर राज्यांच्या यादीत घालू नये. ते व्हर्जिनियापासून वेगळे होऊन १८६३ मध्ये संघराज्यात आले. फुटीर राज्यांची पहिली राजधानी व्हर्जिनियातील रिचमंड नव्हे, अलाबामातील मॉन्टगोमेरी.