चोरीचा गुन्हा कबूल केल्यावर अपील करताय? या चुका टाळा

"गुन्हा कबूल केलाय ना, मग आता अपील कसलं?" मुंबईत किल्ला कोर्टापासून कुर्ला, अंधेरीच्या कोर्टांपर्यंत हे ऐकू येतं आणि तिथेच बरीच कुटुंबं हातपाय गाळतात. हे अर्धंच खरं आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे कबुली दिल्यावर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील चालत नाही. पण शिक्षा किती आणि ती कायद्यात बसते का, यावर सत्र न्यायालयात अपील करता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम 416 तेच सांगतं. म्हणून अपिलात "चोरी केलीच नाही" यावर पानं भरू नका, शिक्षेवर लिहा.

तिथे लिहिण्यासारखं बरंच असतं. 1 जुलै 2024 पासूनच्या चोरीत माल 5000 रुपयांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा ठरवणारा कायदा) कलम 303 प्रमाणे शिक्षा समाजसेवेची आहे. पंचनाम्यात मोबाइलची किंमत 4000 लिहिलीय, तो मालकाला परतही केलाय, तरी कैद सुनावली? मग तो आकडाच तुमचा सर्वात भक्कम मुद्दा. 1958 च्या प्रोबेशन कायद्याचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) विचार झाला का, आर्थर रोड तुरुंगात आधीच काढलेले दिवस शिक्षेतून वजा झाले का, हेही बघा.

साधी कबुली आणि प्ली बार्गेनिंग (समोरच्या पक्षाशी तडजोड करून शिक्षा ठरवून घेणं) एकच समजू नका. तडजोडीने ठरलेल्या शिक्षेवर नेहमीचं अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढेच मार्ग उरतात. यातलं आपल्याकडे काय झालं, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) आणि कबुलीच्या अर्जात दिसतं. "दंड भरून सुटशील" असं कुणी सांगितलं म्हणून, न समजता कबुली दिली असेल, तर तेही वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

अपिलाची मुदत 30 दिवसांची. निकालाच्या नकलेसाठी अर्ज लगेच टाका. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीत धरत नाहीत. उशीर झालाच, तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडा. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्जही द्या, नाहीतर सुनावणी लागेपर्यंत शिक्षाच भोगून संपते. अपील केलं म्हणून शिक्षा वाढेल ही भीती सोडा, आरोपीच्या स्वतःच्या अपिलात सत्र न्यायालय ती वाढवू शकत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि अपील तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही पाठवता येतं.