जिगसॉ वाकडे कापते? मशीन उघडण्याआधी या चुका टाळा

जिगसॉ म्हणजे वर-खाली होणाऱ्या पात्याची, हातात धरून चालवायची विजेची करवत. तिच्याबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: वरून अगदी रेघेवर कापले, पण फळी उलटून पाहिली तर खालची कड तीन-चार मिलिमीटर सरकलेली. मग मशीनला दोष दिला जातो. मोटर मात्र ठणठणीत असते. बहुतेक वेळा दोष ब्लेडचा आणि ढकलणाऱ्या हाताचा असतो.

याचे कारण मशीनच्या रचनेतच आहे. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट कॉफमन यांनी १९४६ मध्ये शिवणयंत्रात सुईच्या जागी करवतीचे पाते बसवले आणि त्यातून हे हत्यार तयार झाले. सुईसारखेच जिगसॉचे ब्लेडही फक्त वरच्या टोकाला पकडलेले असते, खालचे टोक मोकळे. मोकळ्या टोकावर दाब वाढला की ते वाकणारच, आणि लाकूड जितके जाड तितका फरक जास्त.

म्हणून आधी काप नीट पाहा. कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच तिरपी असेल, तर खालची बेसप्लेट हललेली आहे. प्लग काढा, गुण्या ब्लेडला लावून प्लेट काटकोनात आणा आणि स्क्रू घट्ट करा. प्लेटवरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नका, गुण्यावर विसंबा. पण कड सुरुवातीला सरळ आणि पुढे, विशेषतः वळणावर, तिरपी होत गेली असेल, तर ब्लेड वाकते आहे. तिथे प्लेट फिरवून काही साधणार नाही. नवे ब्लेड लावा आणि ढकलणे कमी करा. जाड सागवानासाठी जरा जाड पात्याचे ब्लेड घ्या. ब्लेडच्या पाठीमागचा छोटा रोलरही बघा. तो ब्लेडच्या पाठीला हलकेच टेकलेला हवा. भुसा साचून तो अडकला असेल तर साफ करून तेलाचा एक थेंब सोडा. त्यावर खोल खाच पडली असेल तर रोलर बदला.

सनमायकाचे टवके

जिगसॉच्या नेहमीच्या ब्लेडचे दात वरच्या दिशेला असतात, म्हणजे ते वर येताना कापते. त्यामुळे टवके उडतात ते वरच्या बाजूचे. चांगली बाजू वर ठेवून कापणे हीच इथली मुख्य चूक. सनमायका लावलेला प्लाय असेल तर सनमायका खाली ठेवा आणि रेघ मागच्या बाजूला आखा. सिंकचा खाच कापताना वगैरे वरूनच कापावे लागत असेल, तर उलट्या दातांचे ब्लेड मिळते. बॉशच्या क्रमांकात ते टी१०१बीआर. हे ब्लेड मशीनला वर उचलू पाहते, म्हणून मशीन घट्ट खाली दाबून धरा.

दुसरे कारण पेंड्युलमचे बटण. ०, १, २, ३ असे आकडे असलेली ही कळ अनेकजण ३ वर ठेवून विसरून जातात. त्या स्थितीत ब्लेड वर-खाली होतानाच पुढे-मागेही झुलते. काम भराभर होते, पण कड फुटते. स्वच्छ कडेसाठी, वळणासाठी आणि धातूसाठी ०. नुसते भराभर लाकूड तोडायचे असेल तेव्हाच २ किंवा ३.

एकच ब्लेड सगळीकडे

मशीनबरोबर आलेले एक ब्लेड बोथट होईपर्यंत प्लाय, पत्रा, ॲक्रिलिक सगळ्यांवर चालवणे, यातून निम्मे त्रास उभे राहतात. स्वच्छ कापासाठी टी१०१बी, झटपट कापासाठी मोठ्या दातांचे टी१४४डी, वळणांसाठी अरुंद टी१०१एओ, पातळ पत्र्यासाठी बारीक दातांचे टी११८ए, एवढी चार ब्लेडे घरकामाला पुरतात. अरुंद वळणात रुंद ब्लेड वळवू नका. ते तापते, लाकूड काळे पडते आणि शेवटी ब्लेड तुटते. काप काळा पडत असेल तर आधी ब्लेड बदला, मग वेग उतरवा.

पत्रा थरथरत असेल तर तो टाकाऊ प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून तिन्ही एकत्र कापा. पत्र्याच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दात तरी बसायला हवेत, नाहीतर दात अडकून मोडतात. ॲक्रिलिकवरचा कागद काढू नका आणि वेग कमी ठेवा. जास्त वेगात ते वितळून ब्लेडमागेच पुन्हा चिकटते.

तुकडा सी-क्लॅम्पने टेबलाला बांधा. हाताने धरून कापण्याची सवय सर्वांत धोकादायक आहे, कारण फळीखालून बाहेर आलेले ब्लेड दिसत नाही आणि आधाराला धरलेली बोटे नेमकी तिथेच असतात. बेसप्लेट फळीवर पूर्ण टेकवा, ब्लेड लाकडापासून सुटे ठेवून मशीन सुरू करा आणि मगच पुढे जा.

मशीनचाच दोष असेल तेव्हा

मशीन मधूनच बंद पडते, थाप मारल्यावर चालते, आत मोठ्या ठिणग्या दिसतात, तर बहुधा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे तुकडे) झिजले आहेत. काही मशीनमध्ये ते बाहेरच्या टोपीतून निघतात, काहींत बॉडी उघडावी लागते. कार्बन नेहमी जोडीने बदला आणि त्याच मॉडेलचे घ्या. बारीक ठिणग्या मात्र नेहमीच्याच, त्यांनी घाबरू नका. मशीन जोर धरत नसेल तर लांब, पातळ वायरचा एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट प्लगवर लावून बघा.

मोटर फिरते पण ब्लेड हलत नाही, म्हणजे आतला गिअर किंवा वर-खाली होणारा दांडा गेला. आणि जळका वास येऊन धूर निघाला तर पुन्हा चालू करून पाहू नका. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळाले असू शकते. या दोन्ही वेळी दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या. साध्या मशीनमध्ये आर्मेचर भरण्याचा (नव्या तारा गुंडाळण्याचा) खर्च कधीकधी नव्या मशीनच्या जवळ जातो.