आपल्या वस्तीत किती आणि कुठले गुन्हे होतात ते कसं तपासावं : इंदूरकरांसाठी

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी मोठ्या शहरांचे आकडे देतो, त्यात इंदूरही असतं. त्यातला गुन्ह्यांचा दर हा एक लाख लोकसंख्येमागे काढलेला असतो, पण शहरांसाठी भागाकाराला लोकसंख्या धरतात ती २०११ च्या जनगणनेची. तेव्हा शहर आणि लगतची वस्ती मिळून साधारण पावणेबावीस लाख होती. त्यानंतर शहर बायपासपलीकडे पसरलं, म्हणून छापलेला दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. शिवाय एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजला जातो फक्त सर्वात गंभीर. अशा आकड्यावरून राजेंद्र नगर किंवा वैशाली नगरातल्या एका गल्लीबद्दल काहीही ठरवू नये. गल्लीचा हिशोब आपणच करायचा असतो, आणि दोन-तीन रविवार दिले तर तो जमतो.

१. आधी ठाणं नक्की करा

जवळचं ठाणं तेच आपलं ठाणं, असं नसतं. सुदामा नगरसारख्या मोठ्या वसाहतीत तर सेक्टर बदलला की हद्द बदलू शकते. ठाण्यात जाऊन आपली गल्ली कुठल्या बीटमध्ये (गस्तीसाठी पाडलेल्या विभागात) येते आणि बीटचे हवालदार कोण, हे विचारून लिहून घ्या.

२. एफआयआर वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर यायला हवी. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडून त्या पाहता येतात. किमान तीन वर्षांच्या घ्या. एका कॉलनीत एका वर्षी दोन घरफोड्या आणि पुढच्या वर्षी चार झाल्या, तर ‘दुप्पट झाल्या’ म्हणण्यात अर्थ नाही. इतक्या लहान आकड्यांत असा फरक योगायोगानंही पडतो.

प्रत्येक एफआयआरमधून चारच गोष्टी वहीत उतरवा: कलम, घटनेची तारीख, घटनेची वेळ आणि ठिकाण. नोंदवल्याची तारीख घेऊ नका. लोक गावाहून परत आल्यावर तक्रार देतात, त्यामुळे सगळ्या चोऱ्या सुट्टी संपल्यावरच झाल्यासारख्या दिसतात. नावं आणि फोन नंबर मात्र वहीतही नकोत आणि कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नकोत.

कलमं ओळखता आली की काम सोपं होतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरात शिरून केलेल्या चोरीला बहुधा ३३१ आणि ३०५ लागतात. गुन्हा करण्याच्या हेतूनं दिवसा घर फोडलं तर ३३१(३), सूर्यास्तानंतर फोडलं तर ३३१(४). म्हणजे कलमावरूनच दिवस की रात्र ते कळतं. जुन्या एफआयआरमध्ये हेच ४५४ आणि ४५७ असे दिसतील, सोबत ३८०. वाहनचोरी ३०३(२), पूर्वी ३७९. मंगळसूत्र किंवा मोबाइल हिसकावणं आता ३०४. जुन्या दंडसंहितेत यासाठी वेगळं कलमच नव्हतं; ते गुन्हे ३७९ किंवा ३९२ मध्ये मिसळलेले असत. त्यामुळे २०२४ च्या आधीच्या आणि नंतरच्या हिसकावणीची तुलना नुसत्या कलमावरून करू नका, मजकूर वाचा. मजकूर हिंदीत असतो आणि घरफोडीला तिथे ‘नकबजनी’ म्हणतात.

३. दर काढा

घरफोडी घरामागे मोजा, वाहनचोरी वाहनांमागे. समजा ४०० घरांच्या कॉलनीत तीन वर्षांत सहा घरफोड्या झाल्या, तर वर्षाला दोन, म्हणजे हजार घरांमागे पाच. शेजारच्या कॉलनीचाही असाच दर काढला तरच तुलना होते. नुसते आकडे समोर ठेवले, तर मोठी कॉलनी कायम बदनाम होते.

४. जे नोंदीत नाही ते विचारा

लैंगिक गुन्ह्यांच्या आणि मुलांवरील अत्याचाराच्या एफआयआर वेबसाइटवर टाकत नाहीत, आणि टाकू नयेतच. छेडछाड तर बऱ्याचदा नोंदवलीच जात नाही. म्हणून यादी कोरी दिसली तरी वस्ती बायकांसाठी सुरक्षित आहे असं समजू नका. कॉलनीतल्या मुलींना आणि कामाला येणाऱ्या मावशींना विचारा: अंधार पडल्यावर कुठला रस्ता टाळता? बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर मिळत नाही, एकेकीला विचारावं लागतं. मग रात्री नऊ-दहाच्या सुमारास त्याच रस्त्यानं चालत जा. बंद दिवे, रिकाम्या प्लॉटवरची झुडपं, दिव्याखाली वाढलेल्या फांद्या खांबांच्या क्रमांकासह लिहा आणि महापालिकेच्या इंदूर ३११ अॅपवर प्रत्येक दिव्याची वेगळी तक्रार टाका. ‘आमच्या भागात अंधार आहे’ अशा एका तक्रारीवर नेमका कुठला खांब दुरुस्त करायचा ते कुणाला कळणार?

५. नकाशावरून उपाय ठरवा

कागदावर गल्ल्या काढून नोंदी मांडल्या की बंदोबस्त कुठे हवा ते दिसतं. घरफोड्या दिवाळीत आणि मे महिन्यात, बंद घरांत होत असतील, तर कुलूप आणि शेजारी हाच उपाय. बाहेर लटकणारं कुलूप घर रिकामं असल्याचं सांगतं. आतून बसवलेलं इंटरलॉक बरं. कुलूप महाग आणि कोयंडा पातळ पत्र्याचा, असं असेल तर चोर कुलपाला हातही न लावता कोयंडा उचकटतो. तो आरपार बोल्टनं बसवा. शेजाऱ्यांनी रोज दारातला पेपर उचलावा आणि संध्याकाळी दिवा लावावा. रंगपंचमीला सगळे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर जातात, तेव्हा प्रत्येक गल्लीत कुणीतरी मागे राहावं.

चौकीदार रोज ठरलेल्या वेळी शिट्टी वाजवत फिरत असेल, तर त्याची फेरी चोरालाही पाठ होते. वेळा बदला आणि नोंदींत ज्या वेळा वारंवार येतात त्या वेळी फेऱ्या वाढवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसा इथेच सर्वात जास्त वाया जातो. तिसऱ्या मजल्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात डोक्याचे केसच दिसतात. फाटकाचा कॅमेरा आठ ते दहा फुटांवर, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तोंड करून हवा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दोन एमबीपीएस वेगानं दिवसाला सुमारे २१ जीबी भरतो. चार कॅमेऱ्यांचं १५ दिवसांचं चित्रण सव्वा टीबीपर्यंत जातं, म्हणून दोन टीबीची डिस्क घ्या. एक टीबीत अकरा-बारा दिवसच मावतात आणि सुट्टीवरून परत येईपर्यंत चोरीच्या दिवसाचं चित्रण पुसलेलं असतं. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवा.

६. गुन्हा झालाच तर

चोर अजून जवळपास असेल तर ११२, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. घरफोडीत पोलीस येईपर्यंत कपाटाला हात लावू नका, ठसे जातात. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते, तरच ती नोंदली जाते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. चित्रणाची नक्कल त्याच दिवशी काढा. न्यायालयात ती चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा डीव्हीआर कुणाच्या ताब्यात असतो ते कॉलनीच्या समितीनं आधीच लिहून ठेवलेलं असावं.