सर्कलवर शिल्प बसवायचंय? मग निवडण्याआधी एवढी तयारी कराच

पहिली गोष्ट म्हणजे शिल्पकार शोधायला लगेच निघू नका, आधी ते सर्कल समजून घ्या. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कमिटीतल्या कुणाला तरी एक डिझाइन आवडतं, फोटो ग्रुपवर फिरतो, सगळे छान छान म्हणतात आणि मग ते त्या गोलात बसवायचं कसं यावर सहा महिने भांडणं. बागेतलं शिल्प माणूस थांबून बघतो, सर्कलमधलं शिल्प माणूस गाडी चालवता चालवता बघतो आणि या एका फरकामुळे पुढचं जवळजवळ सगळंच बदलतं.

त्यामुळे आधी स्वतः तिथे जा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळच्या गर्दीत, रात्री, आणि जमलं तर पावसातही. येणाऱ्या प्रत्येक रस्त्याने गाडीतून आत शिरा, बाइकवरून शिरा, बसच्या खिडकीतून बघा, मग फुटपाथवरून चालत पूर्ण फेरी मारा. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर शूटिंग करायचं, चालवणाऱ्याने अजिबात नाही. हे व्हिडिओ नंतर ज्युरीला दाखवायला फार कामाला येतात.

मग थोडं गणित करा. समजा आतला गोल 40 मीटर व्यासाचा आहे आणि गाडी ताशी 30 किलोमीटरने फिरतेय, म्हणजे सेकंदाला साधारण 8 मीटर. अर्धा गोल फिरायला 7-8 सेकंद, आणि त्यातही डोळे शिल्पावर नसतात, ते आत घुसणाऱ्या गाड्यांवर, रस्ता ओलांडणाऱ्या माणसांवर आणि आपल्याला कुठे बाहेर पडायचंय त्यावर असतात. शिल्पाच्या वाट्याला येतात एकदोन ओझरत्या नजरा. म्हणून बारीक कोरीवकाम, लांबलचक मजकूर, जवळ जाऊन वाचायच्या ओळी हे सगळं तिथे वाया जातं, वर माणूस वाचायच्या नादात ब्रेक मारतो ते वेगळंच. लांबून ओळखू येणारा एकच ठळक आकार हवा. आणि त्याला पुढची बाजू मागची बाजू नको, कारण चार रस्ते असतील तर चारही बाजू पुढच्याच, नाहीतर एका रस्त्यावरच्या लोकांना कायम पाठ बघावी लागते. मला विचाराल तर निवडीची सगळ्यात कडक चाळणी हीच ठेवा.

आता सेफ्टी, इथे घाई करू नका. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकींना आडव्या येण्याच्या, मिळण्याच्या, वेगळ्या होण्याच्या जागा 32 असतात, एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये, म्हणजे आपल्या सर्कलमध्ये, त्या 8 वर येतात. अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या आकड्यांप्रमाणे सिग्नलच्या चौकाचं राउंडअबाउट केलं की जखमी किंवा मृत्यू होणारे अपघात साधारण 78 टक्क्यांनी कमी होतात. एवढा फायदा कुठल्याही शिल्पासाठी घालवायचा नाही, हे कमिटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या.

बऱ्याच जणांना वाटतं की मधे काहीच असता कामा नये, मधून आरपार सगळं दिसलं पाहिजे, पण प्रत्यक्षात मधे उंचवटा असलेला चांगला असतो. लांबूनच कळतं की रस्ता सरळ जात नाही, वेग कमी करायचाय, आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा झोतही डोळ्यावर येत नाही. फक्त गोलाची बाहेरची कड मोकळी आणि बुटकी पाहिजे, कारण फिरणाऱ्या ड्रायव्हरला पुढची गाडी तिथूनच दिसते. अमेरिकन डिझाइनमध्ये कारमधल्या ड्रायव्हरच्या डोळ्याची उंची 1.08 मीटर धरतात, तेव्हा कडेची झाडं, चबुतरा, बोर्ड या नजरेच्या आड येतायत का हे ट्रॅफिक इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर तपासून घ्या, तोंडी "चालेल" वर विश्वास ठेवू नका. अजून एक प्रश्न त्यांनाच विचारा, की रात्री कुणी भरधाव येऊन वळलाच नाही आणि सरळ आत शिरला तर तो कशावर आदळणार? त्या रेषेत दगडी चबुतरा किंवा काँक्रीटचा ठोकळा असेल तर जागा बदला किंवा डिझाइन बदला.

लोकांना आत ओढेल असं काही ठेवू नका. बाक, पायऱ्या, माहितीची पाटी, बसायला बरा वाटणारा कारंज्याचा कट्टा, हे दिसलं की माणसं मुलांना घेऊन वाहत्या ट्रॅफिकमधून आत जाणारच, फोटो काढायला तर नक्कीच. पॅरिसच्या आर्क द ट्रिओम्फला किंवा बर्लिनच्या विजयस्तंभाला जायला खालून भुयारी वाट आहे, तसं करायची तयारी असेल तर ठीक. नसेल तर माहितीची पाटी आणि फोटोची जागा बाहेरच्या फुटपाथवर ठरवा, आणि ती जागा शिल्पाच्या डिझाइनसोबतच ठरवा, मागाहून नाही.

लाइटिंगबद्दल नेहमी लंडनचं उदाहरण पुढे येतं. कॅनरी वॉर्फ भागातल्या एका राउंडअबाउटवर 1998 मध्ये शिल्पकार पिएर व्हिव्हाँ यांचं 8 मीटर उंच झाडाचं शिल्प उभं राहिलं, पानांऐवजी 75 ट्रॅफिक सिग्नल. ड्रायव्हर गोंधळतील अशी भीती होती, पण लोकांना ते आवडलं आणि नंतर जागा बदलायची वेळ आली तेव्हाही ते जवळच्या दुसऱ्या राउंडअबाउटवर नेऊन लावलं. मला ते काम मनापासून आवडतं, पण त्याच्या जिवावर आपल्याकडे लाल-हिरवे-पिवळे दिवे लावू नका. एकाच रंगाचा, न लुकलुकणारा, वरून किंवा आतून येणारा प्रकाश पुरतो. चकचकीत आरशासारखं स्टील घेणार असाल तर सूर्य उगवता-मावळताना तो उजेड कुठल्या रस्त्यावर फेकला जाईल हे वर्षभराचं तपासा. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे काही चकचकीत पत्रे 2005 मध्ये घासून मंद करावे लागले होते, तीही नुसती इमारत होती, इथे तर समोर गाड्या आहेत. हलणारं शिल्प चालतं, स्पेनच्या लान्सारोते बेटावर सेसार मान्रिके यांची वाऱ्यावर फिरणारी शिल्पं राउंडअबाउटवर आहेत आणि फारच सुंदर आहेत, पण फिरणारं म्हणजे बेअरिंग आलं, ग्रीस आलं, वादळात ब्रेक आला.

जमिनीखाली काय आहे, हा सगळेच विसरतात तो मुद्दा. पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेटच्या केबल बऱ्याचदा चौकातच एकत्र येतात. प्रत्येक खात्याकडून लेखी नकाशा मागा, वर पायाच्या जागी दोनतीन छोटे खड्डे हाताने खणून बघा कारण जुने नकाशे आणि जमीन यांचं जुळतंच असं नाही. वरच्या तारा बघा. लांब ट्रेलर वळताना मागची चाकं आतल्या कडेवर चढतात ती पट्टी मोकळी सोडा. वाऱ्याचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरच करेल, तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून मोठ्या सपाट पत्र्याला पाया आणि खर्च दोन्ही भरपूर लागतं.

मटेरियल निवडताना धूळ, धूर आणि ऊन डोळ्यापुढे ठेवा. फायबरग्लास स्वस्त आणि हलकं असतं पण उन्हात रंग उडतो आणि तडे जातात. कॉर्टेन स्टीलचा, म्हणजे मुद्दाम गंजू देतात त्या स्टीलचा, गंज दिसायला देखणा, पण पावसात त्याचं तांबूस पाणी खाली उतरून फरशी रंगवतं, तेव्हा खाली खडी किंवा माती ठेवा. समुद्र जवळ असेल तर स्टेनलेसमध्ये 316 ग्रेडच घ्या. ब्राँझ टिकतं पण भंगाराच्या भावासाठी चोरीला जातं, हेन्री मूर यांचं दोन टनांहून जड शिल्प 2005 मध्ये इंग्लंडमधून क्रेन लावून पळवलं होतं, तेव्हा जड आहे म्हणून कोण नेणार असं समजू नका.

आणि साफसफाई! दरवेळी रस्ता बंद करून क्रेन आणावी लागणार असेल तर ते शिल्प दोन वर्षांत काळं पडणार हे आजच धरून चाला. मेंटेनन्सची गाडी कुठे उभी राहील, शिडी कशाला टेकेल, पाण्याचा नळ आणि विजेचं स्विच कुठे, पक्षी घरटं करतील अशा खोबणी किती, हे डिझाइन पास करायच्या आधी विचारा. बजेटमध्ये पाया, वाहतूक, क्रेन, रात्रीचा रस्ता बंद, लाइट, विमा आणि पुढच्या दहा वर्षांची देखभाल वेगळी काढा आणि मग जे उरेल ते शिल्पाचं.

लोकांना विचारणं मीटिंगची नोटीस लावून होत नाही. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची टिल्टेड आर्क ही लांबलचक स्टीलची भिंत 1981 मध्ये सरकारी ऑफिसांसमोरच्या मोकळ्या पटांगणात उभी केली, तिथे रोज ये-जा करणारे चिडले, सुनावणी झाली, कोर्टबाजी झाली आणि 1989 मध्ये ती कापून काढली. म्हणून आधी विचारा, आणि ज्यांचं तिथे रोजचं काम आहे त्यांना विचारा, बस ड्रायव्हर, अँब्युलन्स ड्रायव्हर, झाडलोट करणारे, माळी, शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणारे. "काय आवडेल" यापेक्षा "इथे काय त्रास होतो" हे विचारलं की जास्त कळतं.

एवढं हातात आलं की मगच शिल्पकारांना बोलवा. ब्रीफ, म्हणजे काय हवं ते सांगणारा कागद, दोन पानांचं, त्यात उंची, वजन, मोकळी कड, मनाई असलेले दिवे, देखभालीची अट. निवडलेल्या तिघाचौघांना कच्च्या डिझाइनचे पैसे द्या, फुकट काम मागू नका. मॉडेल टेबलावर ठेवून वरून बघू नका, 1:50 चं, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढं मॉडेल असेल तर ड्रायव्हरचा डोळा साधारण 2 सेंटिमीटरवर येतो, मोबाइलचा कॅमेरा तिथे धरून गोल फिरवा. शेवटच्या दोन डिझाइनसाठी जागेवर बांबू आणि कापड लावून खऱ्या मापाचा सांगाडा उभा करा, कमी गर्दीच्या वेळी. आणि बघून कुणालाच पटलं नाही, तर झाडं लावून सोडून द्यायची तयारी ठेवा, लहान सर्कलवर खूपदा तेच सगळ्यात चांगलं दिसतं.

करारात मालकी कुणाची, कॉपीराइट कुणाचा, पुढे रस्ता रुंद झाला तर शिल्प हलवायचा अधिकार आणि खर्च कुणाचा, शिल्पकाराला आधी कळवायचं का, हे स्पष्ट लिहा. ताब्यात घेताना ड्रॉइंग, रंगाचे कोड, बोल्टची मापं, धुण्याची पद्धत सगळं फाइलमध्ये घ्या. बसवल्यावर वर्षभर अपघातांची नोंद आधीच्या वर्षाशी महिन्यावार ताडून बघायचीय, आणि त्यासाठी आधीची नोंद लागते, ती ट्रॅफिक पोलिसांकडून मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका.